गार्डनमधल्या सहा रात्री

ग्रेटफुल डेड हा कॅलिफोर्नियाचा बँड १९६५ साली सुरू झाला आणि ऑगस्ट १९९५ मध्ये त्याचा मुख्य गिटारवादक जेरी गार्सिया गेला तेव्हा थांबला. तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम. अमेरिकेत ज्यांना 'जॅम बँड' म्हणतात त्या घराण्याचे हे मूळपुरुष. गाण्याचा मुखडा ठरलेला, पण तिथून निघून परत मुखड्यावर कधी आणि कुठल्या वाटेने यायचं ते त्या रात्रीच्या मर्जीवर. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १९७९ ते १९९४ या काळात त्यांचे ५२ कार्यक्रम झाले. मार्च १९८१, सप्टेंबर १९८२ आणि ऑक्टोबर १९८३ मधल्या प्रत्येकी दोन, अशा सहा रात्रींची संपूर्ण ध्वनिमुद्रणं २०२२ साली १७ सीडींच्या पेटीत बाजारात आली.

माझा धाकटा भाऊ १९८२ साली शिकायला म्हणून न्यू जर्सीत आला तो इथलाच झाला. सहातल्या शेवटच्या रात्री, १२ ऑक्टोबर १९८३ ला, तो गार्डनमध्ये होता. माझी मुलगी पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करते. तिने ही पेटी मामाला भेट दिली आणि त्याच्या एडिसनच्या घरी दोघांची जुंपली. मी फारशी मधे पडले नाही. जिथे राहवलं नाही तिथे कंसात बोलले आहे.

मामा: पेटी देखणी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण १७ सीडी ऐकायला निवृत्त व्हावं लागेल.

भाची: तू निवृत्तच आहेस.

मामा: म्हणून काय कचराही ऐकू? सहा रात्रींत दोन-तीन तासांचं खरं सोनं असेल. तेवढं काढून द्यायचं. डिक लाट्वाला हेच करायचा. बँडच्या संग्रहात टेपांचा डोंगर पडला होता, त्यातून त्याने १९९३ पासून 'डिक्स पिक्स' काढायला सुरुवात केली. माणूस १९९९ मध्ये गेला, पण मालिकेला नाव त्याचंच राहिलं. का? लोकांचा त्याच्या कानावर विश्वास होता.

भाची: आणि पहिल्याच खंडात त्याने टॅम्पाचा १९७३ चा कार्यक्रम अर्धामुर्धा दिला. तेव्हा त्याच्यावर कोण चिडलं होतं? तुझ्यासारखेच लोक.

मामा: चिडले, कारण उरलेला भाग त्यांच्याकडे आधीच कॅसेटवर होता! कापलंय हे त्यांना कळत होतं. ज्याला माहीत नाही त्याला तो खंड पूर्ण आणि सुरेखच वाटतो.

भाची: मामा, तुझी ती शेवटची रात्र एकटी नव्हती. आदल्या दिवशीची रात्र तिला जोडलेली होती. ही मंडळी लागोपाठच्या दोन रात्रींत गाणं सहसा परत वाजवत नसत. आज जे घेतलं ते उद्या नाही. म्हणजे ११ तारखेला जे वाजलं त्यावर १२ तारखेला काय उरलं ते ठरायचं. पेटीत जोड्या आहेत त्या याचसाठी. तू निवडक दोन तास काढलेस की हा हिशेब दिसेनासा होतो.

मामा: हिशेब बघायला कोण जातं गाण्याला?

भाची: रोज तोच कार्यक्रम वाजवणाऱ्या बँडच्या गाण्याला कोणी हिशेब बघायला जात नाही. या बँडच्या जायचे. लोक आठ-आठ दिवस त्यांच्या मागे गावोगाव हिंडायचे ते कशासाठी? कालच्यापेक्षा आज वेगळं काय केलं, त्यासाठीच ना? एका रात्रीची सीडी ऐकून तुला 'छान वाजवलं' एवढंच म्हणता येईल. त्यात आयत्या वेळी काय सुचलं आणि कशाची सवय आहे हे कळायला त्याच महिन्यातल्या चार रात्री लागतात. त्यातली एक पडलेली असली तर फारच उत्तम.

(इथे मी मुलीच्या बाजूने आहे. आपल्याकडच्या ७८ च्या तबकडीवर साडेतीन मिनिटांत ख्याल बसवावा लागे. ती तबकडी ऐकून गवयाचा आवाज कळतो, तयारी कळते, पण तो अर्धा तास कुठे कुठे चाचपडतो ते कळत नाही. डेडचंही तेच झालं. 'डार्क स्टार' हे त्यांचं गाणं १९६८ मध्ये तीन मिनिटांपेक्षा लहान तबकडी म्हणून निघालं आणि कोणी ढुंकून पाहिलं नाही. पुढच्या वर्षी 'लाइव्ह/डेड'मध्ये तेच गाणं २३ मिनिटांचं झालं आणि बँडची ओळख बनलं.)

मामा: बरं, निवडीचं सोड. मला दुसरंच बोलायचंय. ११ ऑक्टोबरला त्यांनी 'सेंट स्टीफन' वाजवलं. जानेवारी १९७९ नंतर पहिल्यांदा. जवळजवळ पाच वर्षं त्या गाण्याला हात लावला नव्हता. मी गेलो नव्हतो, माझी परीक्षा होती. दुसऱ्या दिवशी पेन स्टेशनवर उतरून वर गेलो तर जिकडेतिकडे तीच चर्चा. मला अजून ते डाचतं. मग दोनेक महिन्यांनी एका मित्राकडून त्या रात्रीची कॅसेट मिळाली. प्रेक्षकांत बसून कोणी तरी केलेली. कुणाच्या तरी कॉपीची कॉपी, सूं-सूं आवाज, मधेच टेप उलटताना गाणं तुटलेलं. पण पहिले सूर ओळखू आल्यावर गार्डन जे फुटतं ना! आधी पुढचे लोक, मग तो आवाज मागे मागे चढत जातो, आणि बँड त्याच्याखाली गाडला जातो. गाणं तसं साधारणच वाजलंय. पण ती कॅसेट मी झिजवली.

भाची: आणि पेटीतलं ऐकलंस?

मामा: ऐकलं. स्वच्छ आहे. पंखा लावून झाडून काढल्यासारखं. गिटार इथे, ऑर्गन तिथे. सगळं आहे, फक्त मी जिथे नव्हतो ते गार्डन नाहीय.

भाची: कारण सरळ आहे. बोर्डाची टेप म्हणजे काय? प्रत्येक वाद्याची आणि गळ्याची तार मिक्सरवर येते आणि तिथून टेपवर जाते. हॉल मधे कुठेच नाही. गर्दी टेपवर येते ती गायकांच्या माइकमधून गळून आलेली. म्हणजे वीस हजार माणसं चोरवाटेने आत शिरतात. प्रेक्षकाच्या माइकला मात्र आधी हॉल ऐकू येतो आणि मग बँड. गार्डनचं छत गोल आणि पोलादी दोरांवर तोललेलं, खाली पेन स्टेशन. रंगमंचासमोरची जमीन पाचव्या मजल्याएवढी उंच आहे आणि गर्दी नाचली की हलते असं सगळे सांगतात. हे बोर्डाच्या तारेत कुठून येणार?

मामा: म्हणजे मी म्हणतो तेच.

भाची: अर्धं. तुझ्या कॅसेटवर फिल लेशचा बास होता का?

मामा: (थोडं थांबून) गडगड होती.

भाची: गडगडच. अशा भल्या मोठ्या हॉलमध्ये खर्जाचं काय होतं ते मला विचार. लेश एकेक सूर मोजून वाजवायचा, आधार देण्याऐवजी उलट प्रश्न विचारल्यासारखा बास. गार्सिया डावीकडे जाणार असं दिसलं की हा उजवीकडे. त्यांचं जॅमिंग म्हणजे मुख्यतः या दोघांचं बोलणं. तुझ्या कॅसेटवर त्यातला एकच माणूस बोलतोय. १९८३ मध्ये तू जे ऐकलंस त्यात एक अख्खा वादक नव्हता, आणि बाल्कनीत बसला असशील तर प्रत्यक्षातही नसेल.

मामा: मी बाल्कनीतच होतो.

भाची: मग बघ.

मामा: पण दाद तर होती! अगं, दाद म्हणजे बाहेरचा गोंगाट नाही. आपल्याकडे समेवर 'क्या बात है' आलं की गवई पुढची तान वेगळी घेतो. इथेही तेच. ज्यांनी प्रेक्षकांत माइक उभे केले त्यांना हे कळत होतं. आधी चोरून, मग बँडने डोळेझाक केली म्हणून, आणि ऑक्टोबर १९८४ पासून रीतसर. मिक्सरच्या मागे टेप करणाऱ्यांचा वेगळा कप्पाच ठेवला, कारण त्यांच्या माइकच्या काठ्यांचं जंगल मिक्सरवाल्याच्या डोळ्यांसमोर उभं राहायला लागलं होतं. अट एकच: पैसे घ्यायचे नाहीत. कोऱ्या कॅसेटी आणि पोस्टाचा खर्च पाठवा, समोरचा भरून परत पाठवणार. मी असल्या माणसांना कॅसेटी पाठवल्या ज्यांचं तोंड मी आजतागायत पाहिलं नाही.

(गार्सियाचं म्हणणं साधारण असं होतं की आमचं वाजवून झालं की ते तुमचं, घेऊन जा. मला हे फार धाडसाचं वाटतं. आपल्याकडच्या जुन्या गवयांना यंत्राची धास्ती असे: बंदिश चोरीला जाईल, दुसरा कोणी उचलेल. दोन्हींमागे कारणं होती. डेडला तबकड्यांतून बराच काळ फारसं मिळालं नाही, पोट तिकिटांवर चालायचं, आणि फुकट फिरणारी प्रत्येक कॅसेट पुढच्या गावची तिकिटं खपवत होती. औदार्य होतंच, पण आतबट्ट्याचं नव्हतं.)

भाची: दादेबद्दल तुला एक उदाहरण देते, याच जागेतलं. १ ऑगस्ट १९७१, बांगलादेशच्या निर्वासितांसाठीचा कार्यक्रम. जॉर्ज हॅरिसनच्या आधी रविशंकर, अली अकबर खाँ आणि तबल्यावर अल्लारखाँ बसले. वाद्यं जुळवून झाली आणि गार्डनने टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकरांनी गोड हसून सुचवलं की जुळवणी इतकी आवडली तर वादनही आवडेल अशी आशा आहे. हे सगळं रेकॉर्डवर आहे.

मामा: ठाऊक आहे. आपण सगळे त्यावर हसतो.

भाची: मी हसत नाही. ती दाद चुकीच्या जागी आहे म्हणूनच मौल्यवान आहे. एखाद्या शहाण्या निवडकर्त्याने 'हा भाग संगीत नाही' म्हणून कापला असता तर १९७१ चं न्यूयॉर्क काय ऐकत होतं आणि काय ऐकू शकत नव्हतं, हे आपल्याला कशावरून कळलं असतं? तुझा लाट्वाला तिथे असता तर पहिली कात्री त्या टाळ्यांवर चालली असती.

मामा: डिकवर उगाच घसरू नकोस.

भाची: राहिलं. पण अजून एक सांग. सगळे भक्त कुठल्या रात्रीला सर्वश्रेष्ठ म्हणतात?

मामा: बार्टन हॉल. कॉर्नेल विद्यापीठ, ८ मे १९७७. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीतसुद्धा गेली ती.

भाची: का गेली? चांगली वाजली म्हणून, आणि बेटी कँटर-जॅक्सनने ती अप्रतिम टेप केली म्हणूनही. तिच्या टेपा एका भाड्याच्या गोदामात होत्या. भाडं थकलं, गोदामवाल्याने ऐंशीच्या दशकात लिलाव केला, अनोळखी लोकांनी पेट्या उचलल्या आणि त्यातून टेपा फिरायला लागल्या. बँडकडे ती मूळ टेप नव्हतीच, अधिकृत आवृत्ती निघायला २०१७ उजाडलं. त्या महिन्यात आसपासच्या गावांतही बँड असाच वाजत होता. एका रात्रीला चांगली टेप आणि नशीब मिळालं. 'सर्वोत्तम' नावाची गोष्ट बहुतेक वेळा अशी तयार होते, मामा. म्हणून मला सगळ्या रात्री हव्यात.

मामा: आणि मग किंमत? कॅसेटीच्या काळात कोणी विकत नव्हतं. आता पेट्या निघतात, मर्यादित प्रती, क्रमांक घातलेल्या. २००५ मध्ये तर काय केलं? इंटरनेट अर्काइव्हवर लोकांनी वर्षानुवर्षं जमवून ठेवलेली ध्वनिमुद्रणं एका दिवशी काढून टाकायला लावली. केवढा गहजब झाला! लेशनेही जाहीरपणे हात झटकले. शेवटी प्रेक्षकांनी केलेल्या टेपा परत आल्या, बोर्डाच्या मात्र नुसत्या ऐकायच्या, उतरवून घ्यायच्या नाहीत. 'वाजवून झालं की तुमचं' याचं काय झालं?

भाची: त्यात त्यांचं चुकलंच. पण पेटीची गोष्ट वेगळी. जुनी टेप शोधणं, तिचा वेग दुरुस्त करणं, दोन टेपांमधली भोकं तिसरीने बुजवणं, याला महिने जातात. ते काम मी करते, फुकट करत नाही.

(यावर भाऊ गप्प बसला. मला वाटतं इथे त्याने गप्प बसायला नको होतं. कामाचा मोबदला आणि क्रमांक घातलेल्या पेटीची हाव यांत फरक आहे, आणि तो मुलीला सोयीस्करपणे दिसत नव्हता.)

मामा: तुझ्या 'सगळं ठेवा' या हट्टाचं टोक बघायचं असेल तर फिश हा बँड बघ. डेडनंतर गार्डनला आपलं घर त्यांनीच केलं. ३१ डिसेंबर २००२ ला दोन वर्षांच्या सुट्टीनंतर ते गार्डनमध्येच परतले, आणि तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाचं बोर्डाचं रेकॉर्डिंग लगेच विकायला लागले. २०१७ च्या उन्हाळ्यात त्याच हॉलमध्ये १३ रात्री वाजले, एकही गाणं पुन्हा न वाजवता. ३६ सीडींची पेटी! छताला झेंडा टांगलाय त्यांच्या नावाचा, बास्केटबॉलवाल्यांच्या झेंड्यांबरोबर. तेरा रात्रींची योजना आधी करायची, रोज टेप होणार हे माहीत, उद्या सकाळी लोक गाण्यागणिक गुण देणार हेही माहीत. यात आयत्या वेळचं काय राहिलं?

भाची: डेडलाही माहीत होतं की समोर पन्नास माइक उभे आहेत.

मामा: ते दोन महिन्यांनी पोस्टाने यायचं. दोन महिन्यांत चूक विसरली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चूक चूकच असते.

भाची: हे मात्र तू खरं बोललास.

मामा: लिहून घे, ताई.

(घेतलं.)

भाची: पण तेरा रात्रींत गाणं परत न वाजवण्याची अट ही बंधन नाही का? अटीमुळेच सुचतं. अकरा मात्रांत अडकल्याशिवाय अकराचं चलन सुचत नाही. आणि ते तर या लोकांनी आपल्याकडूनच घेतलं. मिकी हार्ट, डेडचा दुसरा ड्रमर, साठच्या दशकाच्या शेवटी अल्लारखाँसाहेबांना भेटला आणि वेडा झाला. ताल म्हणजे चक्र, हे त्याने तिथून उचललं. त्यांचं 'दि इलेव्हन' अकरा मात्रांचं आहे, आपल्या रुद्र तालासारखं. मग त्यांचे चिरंजीव झाकीर हुसेन, आपले झाकीरभाई, कॅलिफोर्नियात अली अकबर खाँसाहेबांच्या विद्यालयात शिकवायला लागले, आणि त्यांनी आणि हार्टने मिळून १९७६ मध्ये 'दिगा' नावाची तबकडी काढली. तिच्यातल्या एका तुकड्यातून पुढे डेडचं 'फायर ऑन द माउंटन' झालं. माहीमच्या मुलाचा ठेका त्या बँडच्या पोटात आहे. गंमत म्हणजे तुझ्या पेटीतली पहिली रात्र ९ मार्च १९८१ ची, आणि त्याच दिवशी झाकीरभाई तिशीचे झाले.

मामा: त्याचा इथे काय संबंध?

भाची: काहीच नाही. मला आवडलं म्हणून सांगितलं.

मामा: अल्लारखाँसाहेबांचं ऐकलं होतं. पण कार्यक्रमात ते कुठे ऐकू यायचं?

भाची: दुसऱ्या सत्रात रोज! बाकीचे सगळे आत जायचे आणि हार्ट आणि पहिला ड्रमर क्रॉइट्झमन दोघेच वाजवायचे. 'ड्रम्स', आणि त्याला लागून गिटारवाल्यांचं ते अधांतरी 'स्पेस'. पेटीत सहाही रात्रींचं आहे. तुझ्या निवडीत हे पहिलं उडालं असतं, कारण एकेकटं काढलं तर ते कोणालाच सर्वोत्तम वाटत नाही. सहा एकापाठोपाठ ऐकले तर हार्ट अडीच वर्षांत काय शोधत होता ते ऐकू येतं.

मामा: ड्रम्सला आम्ही बाहेर जायचो.

भाची: कुठे?

मामा: बाहेर. स्वच्छतागृहाची रांग, बिअरची रांग. अर्धं गार्डन तेव्हा रांगेत असायचं. तेवढाच वेळ मिळायचा.

भाची: म्हणजे १२ ऑक्टोबरला?

मामा: १२ ऑक्टोबरलाही.

भाची: तू आत्तापर्यंत मला ऐकवत होतास की तू तिथे होतास!

मामा: होतोच. मी रांगेत होतो, भिंतीतून धमधम येत होती, पुढचा माणूस पायाने ठेका धरत होता, आणि तो चुकत होता. तेही पेटीत नाहीय.

भाची: नाहीय, कबूल. पण त्या भिंतीच्या पलीकडे काय चाललं होतं ते आहे. लावू?

मामा: सतरातली कुठली?

भाची: शेवटच्या तीनपैकी एक असणार. थांब, बघते.

मामा: बघ. ऐकतो. पण स्पेस सुरू झालं की बंद कर.